तपासणीच्या रांगेचा हिशेब

३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघाले आणि लाहोरला उतरले. विमान पळवणारे दोघे तरुण होते. त्यांच्याजवळ एक पिस्तूल आणि एक हातबॉम्ब होता. प्रवासी सुखरूप सुटले. विमान मात्र लाहोर विमानतळावर जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडण्यास बंदी घातली आणि पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना सिलोनचा वळसा पडू लागला. बांगलादेश युद्ध ज्या वर्षाच्या अखेरीस झाले, त्या वर्षाच्या आरंभीची ही घटना. पिस्तूल खेळण्यातले आणि हातबॉम्ब लाकडाचा होता, हे नंतर उघड झाले.

डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधींच्या सुटकेसाठी दोन काँग्रेस कार्यकर्त्यांनी लखनौहून दिल्लीला निघालेले विमान वाराणसीला नेले. त्यांच्याकडेही खेळण्यातले पिस्तूल होते, आणि बॉम्ब म्हणून दाखवलेली वस्तू क्रिकेटचा चेंडू होती. पुढे दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले, ही गोष्ट वेगळी. १९८१ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला जाणारे विमान लाहोरला नेणाऱ्यांजवळ कृपाणे होती.

विमानतळावरची तपासणी वस्तू शोधते. विमान मात्र अनेकदा वस्तूच्या भीतीने पळवले गेले आहे. तपासणी हवी की नको, असा प्रश्न आज कोणी विचारत नाही आणि विचारण्यात अर्थही नाही. किती तपासणी, कोणत्या किमतीला, आणि त्या किमतीच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे मात्र विचारायला हवे. ही किंमत तिकिटात दिसते, त्याहून अधिक तिकिटाबाहेर असते. या लेखात तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न आहे. मी सुरक्षादलात नोकरी केलेली नाही. चौकशी आयोगांचे अहवाल, लेखापरीक्षण आणि संशोधकांचे निबंध जसे कुणाही वाचकाला उघडपणे मिळतात, तसेच ते मला मिळाले.

बैल गेला नि झोपा केला

विमान प्रवाशांची सरसकट तपासणी ही फार जुनी गोष्ट नाही. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत १३० हून अधिक विमाने पळवण्याचे प्रकार झाले. बरीचशी क्यूबाला नेली गेली, काहींसाठी खंडणी मागितली गेली. तरीही प्रत्येक प्रवाशाची झडती घ्यायला विमान कंपन्यांचाच विरोध होता. खर्च वाढेल, गिऱ्हाईक दुरावेल, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचे विमान पळवणाऱ्या तिघांनी ते ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा हा विरोध मावळला. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवासी आणि त्याचे हातसामान तपासले जाऊ लागले.

आपल्याकडेही पाऊल पडले ते घटनेमागून. १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला नेले गेले, त्यानंतर पांडे समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. ‘कनिष्क’च्या घातपातानंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, तो कक्ष स्वतंत्र खाते झाला, तेच आजचे नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला गेले, आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर विमानतळाची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. तिथून हे दल देशभरच्या विमानतळांवर पसरले.

प्रवाशाला रोज भेटणारे नियमही असेच एकेका घटनेतून आले आहेत. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवली, म्हणून अमेरिकेत बूट काढावे लागू लागले. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयाच्या बाटल्यांत द्रव स्फोटके भरून लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, म्हणून १०० मिलिलिटरचा नियम आला. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉईटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, म्हणून संपूर्ण शरीर दाखवणारे स्कॅनर आले.

यातल्या बूट आणि अंतर्वस्त्र या दोन्ही घटनांत हल्लेखोर तपासणी ओलांडून आत शिरले होते. त्यांना आवरले ते विमानातल्या सहप्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी. द्रव स्फोटकांचा कट विमानतळावर पकडला गेला नाही. ब्रिटिश पोलीस आणि गुप्तचर कित्येक आठवडे त्या टोळीच्या मागावर होते. आणि डेट्रॉईटच्या प्रकरणातल्या तरुणाच्या वडिलांनी तर महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी दूतावासात जाऊन आपल्या मुलाबद्दल धोक्याची सूचना दिली होती. माहिती दारात आली होती. ती योग्य टेबलापर्यंत पोहोचली नाही.

‘कनिष्क’ने काय शिकवले

तपासणीची ताकद आणि तिचे दुबळेपण एकाच घटनेत पाहायचे असेल, तर २३ जून १९८५ च्या ‘कनिष्क’ घातपाताकडे वळावे लागते. एअर इंडियाचे हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला चढवली गेली. बॅगवाल्या प्रवाशाचे पुढच्या विमानातले आसन पक्के नव्हते, त्यामुळे बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवणे नियमात बसत नव्हते. त्याने हुज्जत घातली. मागे रांग खोळंबली होती. काउंटरवरच्या कर्मचारी बाईंनी अखेर बॅग स्वीकारली. प्रवासी स्वतः विमानात चढलाच नाही.

टोरांटोला सामान तपासताना क्ष-किरण यंत्र बंद पडले. मग हातात धरायचे एक वास घेणारे उपकरण वापरण्यात आले. त्याच्या उपयुक्ततेबद्दल आधीच शंका होती, आणि ते नेमके कसे वाजले म्हणजे धोका समजायचा, हे वापरणाऱ्यांना नीट सांगितलेले नव्हते. बॅग पुढे गेली. त्याच कटातली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये अहवाल दिला. हल्ल्याची सूचना देणारी माहिती कॅनडातल्या वेगवेगळ्या खात्यांकडे तुकड्यातुकड्यांनी होती, पण ती एकत्र आलीच नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष.

या दुर्घटनेतून निघालेला सर्वांत मोलाचा नियम साधा आहे: प्रवासी विमानात नसेल, तर त्याची बॅगही जाऊ द्यायची नाही. त्याला महागडे यंत्र लागत नाही, याद्या जुळवाव्या लागतात. तरीही जगभर तो काटेकोरपणे पाळला जाईपर्यंत वेळ गेला. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान फुटले आणि २७० माणसे गेली, तेव्हाही बॉम्ब होता तो सोबत प्रवासी नसलेल्या सुटकेसमध्ये.

व्हँकुव्हरच्या त्या काउंटरवर बेफिकिरी एवढाच दोष नव्हता. रांग वाढली की तपासणाऱ्यावर दडपण येते आणि नियम वाकतो. तपासणी कडक केली की रांग वाढते. हा पेच कोणत्याही यंत्राने पूर्ण सुटलेला नाही.

नारिंगी रंगाचा लाडू

हातसामानाचे क्ष-किरण यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडून वस्तूचा साधारण प्रकार ओळखते आणि पडद्यावर रंग भरते. धातू निळे दिसतात, सेंद्रिय पदार्थ नारिंगी, मधले काही हिरवे. स्फोटके बहुतेक सेंद्रिय असतात, म्हणून नारिंगी. पण साबण, चीज, चॉकलेट, पुस्तके हीसुद्धा नारिंगीच दिसतात. दिवाळीनंतर परदेशी मुलाकडे निघालेल्या आईच्या पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा घट्ट डबा पडद्यावर संशयास्पद वाटला, तर त्यात जवानाचा दोष नाही. यंत्राला घनता आणि पदार्थाचा गट कळतो. साजूक तुपाचा वास कळत नाही.

अखेर पडद्याकडे पाहतो तो माणूस. तपासणीची खरी मर्यादा तिथे आहे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांमध्ये ठरावीक वस्तू शोधायला सांगितले. निम्म्या चित्रांत वस्तू होती, तेव्हा ती निसटण्याचे प्रमाण ७ टक्के होते. शंभरातल्या एकाच चित्रात ती ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. वस्तू तीच होती. ती विरळ झाली आणि डोळ्याने तिची अपेक्षा सोडली. प्रयोगातले एक टक्का हे प्रमाणही विमानतळाच्या मानाने प्रचंड आहे. खरा बॉम्ब संपूर्ण नोकरीत एकदाही न पाहता बहुतेक तपासनीस निवृत्त होतात.

यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, पडद्यावर अधूनमधून खोट्या शस्त्रांची चित्रे आपोआप मिसळायची, म्हणजे डोळ्याला सापडण्याची सवय राहते. दुसरा, एका माणसाला सलग फार वेळ पडद्यासमोर बसवायचे नाही. युरोपात साधारण वीस मिनिटांची मर्यादा आहे. दोन्ही उपाय उपयोगी आहेत, पण दोन्ही माणसाच्या स्वभावाशी तडजोड आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी प्रवाशांच्या वेषात माणसे पाठवून घेतलेल्या छुप्या चाचण्यांची बातमी फुटली. ७० पैकी ६७ वेळा नकली शस्त्रे किंवा स्फोटके तपासणीतून पार झाली होती. संस्थेच्या प्रभारी प्रमुखांना पद सोडावे लागले. त्यानंतर विमाने पडू लागली असे मात्र झाले नाही. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा काढणे घाईचे ठरेल. पण प्रत्यक्षात विमाने सुरक्षित राहतात ती केवळ त्या एका फाटकामुळे नव्हे, एवढे यातून निश्चित दिसते.

विरळ गोष्टीचे गणित

समजा, एक कल्पित यंत्र आहे. ते खऱ्या स्फोटकांपैकी ९५ टक्के पकडते आणि निरपराध प्रवाशांपैकी फक्त एक टक्क्यावर चुकून वाजते. कागदावर हे उत्तम यंत्र आहे. २०२४ मध्ये भारतात देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या १६ कोटी १३ लाखांच्या घरात होती. हिशेबासाठी १६ कोटी धरू. आणि समजू की वर्षात तब्बल १६ जण स्फोटके घेऊन आले. प्रत्यक्षात इतके येत नाहीत, पण समजू. यंत्र त्यातले १५ पकडेल. त्याच वर्षी ते १६ लाख निरपराधांवरही वाजेल. म्हणजे यंत्र लाखाहून अधिक वेळा वाजेल, तेव्हा त्यातला एक इशारा खरा निघेल.

लाख वेळा खोटी ठरलेली घंटा पुढच्या वेळी कानाला गंभीर वाटत नाही. यंत्र अधिक संवेदनशील केले, तर खोट्या घंटा वाढतात. कमी केले, तर खरा धोका निसटतो. चोर सोडून संन्याशाला धरण्याचा हा प्रकार तपासनीसाच्या दुष्टपणातून येत नाही. तो संख्येतूनच येतो.

यावर एक लोकप्रिय उत्तर असते: सर्वांना कशाला तपासता, संशयितांनाच तपासा. या मताचे लोक इस्रायलचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एल अल कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एका गरोदर आयरिश तरुणीला प्रश्न विचारले. तिची बॅग विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून बिनबोभाट गेली होती. प्रश्नोत्तरांत संशय आला, बॅग फोडली, तळात बॉम्ब निघाला. तो तिच्या प्रियकराने तिला न कळता ठेवला होता. कसलेल्या माणसाने विचारलेले प्रश्न यंत्रापेक्षा सरस ठरले.

पण मे १९७२ मध्ये तेल अवीवजवळच्या लोद विमानतळावर तीन प्रवासी उतरले, त्यांनी सामानातून बंदुका काढल्या आणि २६ जणांचा बळी घेतला. ते जपानी होते. ज्यांच्याकडे संशयाने पाहायची सवय होती, त्यांच्यात ते बसत नव्हते. संशयिताचा साचा ठरला की हल्लेखोर साच्याबाहेरचा माणूस शोधतो, आणि साच्यातल्या लाखो निरपराधांना रोजचा अपमान भोगावा लागतो. चेहऱ्यावरून व हालचालींवरून संशयित ओळखण्याच्या कार्यक्रमावर अमेरिकेने २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की, वागण्यावरून लबाडी ओळखण्याची माणसाची क्षमता नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी असते, आणि या कार्यक्रमाचा निधी मर्यादित करावा.

तिकिटाबाहेरची किंमत

आधी तिकिटातली किंमत पाहू. भारतात एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशाकडून २०० रुपये विमान सुरक्षा शुल्क घेतले जाते. लहान बाळे, विमान बदलणारे प्रवासी अशा सवलती आहेत. तरीही वर दिलेल्या प्रवासीसंख्येवरून ही रक्कम वर्षाला तीन हजार कोटींच्या आसपास जाते, हे कुणीही बोटांवर मोजू शकतो. अमेरिकेत प्रत्येक एकमार्गी प्रवासाला ५ डॉलर ६० सेंट घेतात, आणि तिथल्या तपासणी यंत्रणेचा वार्षिक खर्च सुमारे दहा अब्ज डॉलरवर गेला आहे.

दुसरी किंमत वेळेची. प्रत्येक प्रवाशाची फक्त दहा मिनिटे जास्त जातात असे धरले, तर १६ कोटी १३ लाख प्रवाशांचे मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ६९ लाख तास होतात. म्हणजे जवळपास ३,०७० वर्षे. सत्तर वर्षांचे एक आयुष्य धरले, तर चव्वेचाळीस आयुष्ये. अर्थात, हजारो लोकांची दहा मिनिटे आणि एका माणसाचा मृत्यू यांना एकाच तागडीत घालणे मला मान्य नाही. पण ही मिनिटे फुकट आहेत असे समजणेही तितकेच चूक आहे.

तिसरी किंमत सहसा कुणी मोजत नाही, आणि ती जिवांची आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकी लोकांनी विमान सोडून मोटार धरली. मोटारप्रवास विमानाहून कैक पटींनी धोक्याचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी हिशेब मांडला, की पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यावर सुमारे १,५०० जादा माणसे मेली. हे भीतीचे बळी. कॉर्नेल विद्यापीठाच्या तीन अभ्यासकांनी रांगेचे बळीही मोजायचा प्रयत्न केला. विमानात चढवायच्या सर्व सामानाची तपासणी सुरू झाल्यावर प्रवासीसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. छोट्या अंतराला विमानाऐवजी गाडी काढणाऱ्यांपैकी काही जण रस्त्यावर गेले. त्यांची नावे कुठल्याही स्मारकावर नाहीत. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. रस्त्यांचा असा हिशेब असताना विमानाचा प्रवास जराही नकोसा करणारा नियम काळजीपूर्वक तपासायला हवा.

चौथी किंमत प्रतिष्ठेची. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. नियमांनुसार त्यांना सूट होती. संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी मात्र तक्रारीचा शब्द काढला नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नर्तकी सुधा चंद्रन यांनी आपला कृत्रिम पाय दर वेळी विमानतळावर काढायला लावतात, अशी व्यथा थेट पंतप्रधानांना उद्देशून मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. या दोघांचा आवाज ऐकला गेला. कृत्रिम पाय लावून फिरणारा एखादा निवृत्त कारकून जे सोसतो, त्याची बातमी होत नाही.

दाराची गोष्ट

मग कोणता उपाय परवडतो? जॉन म्यूलर हे राज्यशास्त्रज्ञ आणि मार्क स्ट्युअर्ट हे अभियंते. धरणे, पूल, अणुभट्ट्या यांच्या सुरक्षेला जो व्यवहारी हिशेब लावतात, तोच या दोघांनी विमानांना लावला: एक जीव वाचवायला किती खर्च येतो? वैमानिकांच्या कक्षाचे दार मजबूत करण्याचा अमेरिकेतला खर्च वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर. त्यांच्या हिशेबाने एका वाचलेल्या जिवामागे सुमारे आठ लाख डॉलर. अमेरिकी सरकार इतर क्षेत्रांत एका जिवामागे दहा लाख ते एक कोटी डॉलरपर्यंत खर्च वाजवी मानत आले आहे. त्या मानाने दार स्वस्त पडले. विमानात साध्या वेषात सशस्त्र रक्षक बसवण्याच्या योजनेचा हिशेब मात्र एका जिवामागे सुमारे १८ कोटी डॉलर निघाला.

त्यांच्या गृहीतांवर वाद घालता येतो, आणि घातलाही गेला आहे. पण ज्याला जो हिशेब चूक वाटेल, त्याने दुसरा मांडावा, एवढी शिस्त त्यांनी आणली. शिवाय सप्टेंबर २००१ नंतर कागदावर न मांडता येणारा आणखी एक बदल झाला. पूर्वी अपहरण झाले की शांत बसून राहावे, असा रिवाज होता. आता प्रवासी शांत बसत नाहीत. बंद दार आणि जागे प्रवासी या दोन गोष्टींनी ‘गंगा’सारखी अपहरणे जवळजवळ अशक्य केली. लाकडी बॉम्बला घाबरून कोणी दार उघडत नाही.

तरीही स्वस्त उपायाचीही किंमत असते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानात मुख्य वैमानिक क्षणभर बाहेर गेला, सहवैमानिकाने आतून दार लावून घेतले आणि विमान आल्प्स पर्वतावर आदळवले. १५० जण गेले. बाहेरच्या शत्रूला रोखणाऱ्या दाराने आतल्या माणसाला वाट मोकळी करून दिली.

तपासणीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा धाकाचा आहे. जो हल्लेखोर रांग पाहूनच परत फिरला, तो कोणत्याही आकडेवारीत येत नाही. १९७३ मध्ये सरसकट तपासणी सुरू होताच अमेरिकेतली अपहरणे एकदम ओसरली; हे तपासणीचे यश मानायलाच हवे. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिका आणि क्यूबा यांच्यात अपहरणकर्त्यांना शिक्षा करण्याचा किंवा परत पाठवण्याचा करार झाला, हेही विसरता येत नाही. पळून जायची जागाच उरली नाही. दोन कारणे एकाच वेळी आली आणि श्रेय बहुतेक यंत्राच्या खात्यात जमा झाले.

धोका कुठे जातो?

फाटक मजबूत झाले की धोका नाहीसा होतो असे नाही. पुष्कळदा तो फाटकाबाहेर सरकतो. जानेवारी २०११ मध्ये मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावर स्फोट झाला तो आगमन कक्षात. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सला बॉम्ब फुटले ते चेक-इनच्या दालनात, तपासणीच्या अलीकडे. त्याच वर्षी जूनमध्ये इस्तंबूलला हल्ला झाला, आणि तिथे तर दारातच पहिली तपासणी होती. दालनाच्या आत रांग होती, ती दाराबाहेर आली, एवढाच फरक. आपल्याकडे टर्मिनलच्या दाराशीच ओळखपत्र आणि तिकीट पाहतात. गर्दीच्या दिवशी ही रांग फुटपाथवर येते. डिजियात्रेसारख्या सोयींचे मोल प्रवाशाच्या सुखापुरते मोजू नये. रांग विरळ करणे हीसुद्धा सुरक्षाच आहे.

आणि मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. लोकलने रोज लाखो लोक प्रवास करतात; त्यांची विमानतळासारखी तपासणी करायची ठरवली, तर शहर सकाळी नऊलाच थांबेल. म्हणून ती होत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण तिथे काही धोका पत्करतो. दरवर्षी रुळांवर आणि गाडीतून पडून मरणाऱ्यांची संख्याही दोन हजारांवर असते, तीही आपण निमूट पत्करतो. विमानात एक जीव वाचवायला समाज जेवढे द्यायला तयार असतो, त्याचा काही अंशही लोकलच्या दारातल्या जिवासाठी निघत नाही. सुरक्षेच्या खर्चात भीतीची प्रसिद्धी दडलेली असते, ती अशी.

नियम उतरवण्याचे धाडस

नियम लावणे सोपे असते. उतरवणे अवघड, कारण उतरवल्यावर काही घडले तर सही कुणाची, हा प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्याला भेडसावतो. बूट काढण्याचा अमेरिकेतला नियम देशभर सक्तीचा झाल्यावर मागे घ्यायला जवळजवळ एकोणीस वर्षे लागली. जुलै २०२५ मध्ये तो गेला. ब्रिटनमध्ये टीसाइड आणि लंडन सिटी विमानतळांनी २०२३ मध्ये नव्या सीटी स्कॅनरच्या भरवशावर १०० मिलिलिटरची मर्यादा उठवली, आणि जून २०२४ मध्ये सरकारने ती पुन्हा लादली.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. हातसामानाला कागदी पट्टी बांधायची, तिच्यावर जवानाने शिक्का मारायचा आणि तो शिक्का विमानात चढताना पुन्हा पाहायचा, हा आपला जुना रिवाज. शिक्का विसरला की प्रवासी उलट्या पावली धावायचा. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे तो बंद झाला, मग इतरत्र. कॅमेरे आणि जागेची रचना सुधारल्यावर शिक्क्याची गरज उरली नव्हती. आज त्याची कुणाला आठवणही येत नाही. शबरीमलैच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामापुरते इरुमुडीतला नारळ हातसामानात नेऊ दिला गेला, हेही त्याच जातीचे शहाणपण. तपासणी तशीच राहिली. फक्त नियमाने माणसाकडे पाहिले.

या साऱ्यातून मला काही गोष्टी स्पष्ट दिसतात. स्वस्त आणि साधे उपाय, म्हणजे मजबूत दार, प्रवासी आणि बॅग यांची जुळणी, वेगवेगळ्या खात्यांनी आपसात माहिती देणे, यांनी सर्वाधिक जीव वाचवले आहेत. ते प्रवाशाला दिसतही नाहीत. डोळ्यांत भरणारे उपाय बहुधा मागच्या हल्ल्याचे उत्तर असतात. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा उपायांना ‘सुरक्षेचे नाटक’ म्हटले. नाटकालाही थोडे मोल आहे: लोकांना धीर मिळतो आणि ते गाडीऐवजी विमान निवडतात. पण नाटकाचा खर्च नाटकाच्या खात्यात दाखवावा, सुरक्षेच्या नव्हे.

तेव्हा प्रत्येक नियमाला जन्मतारखेबरोबर तपासणीची तारीखही असावी. दर पाच वर्षांनी संबंधित खात्याने सांगावे: हा नियम कोणत्या धोक्यासाठी आणला, तो धोका आज किती आहे, नियमाला पैसे आणि वेळ किती लागतो, त्याशिवाय भागेल का. गुप्त ठेवण्यासारखे तपशील गुप्त ठेवूनही एवढे सांगता येते. पूल बांधणाऱ्याकडून आपण असा हिशेब मागतो, धरण बांधणाऱ्याकडून मागतो. सुरक्षेचे नाव निघाले की मात्र हिशेब मागणाराच संशयित ठरतो. पडद्यासमोर बसलेल्या जवानाचे काम आधीच कठीण आहे. निरुपयोगी नियमांचा भार त्याच्यावरून उतरवला, तर त्याच्या नजरेला खरे काम उरेल, आणि ती वीस मिनिटे अधिक कामाची जातील.